न झालेल्या गोलांची गोष्ट

आघाडीला खेळणाऱ्या फुटबॉलपटूचं चरित्र लिहायला बसलं, की निम्मं काम आकडेच करून देतात. सामने किती, गोल किती, डाव्या पायानं किती, डोक्यानं किती. गोलरक्षकाचं चरित्र लिहायला बसलं, की हातात फार थोडं उरतं. त्यानं सामन्यात जे काही केलं त्याचा परिणाम म्हणजे काहीच न घडणं. वर्तमानपत्रात '१-०' छापून येतं. त्यातला एक मारणाऱ्याचं नाव पुढे कंसात येतं. शून्य कोणी राखलं ते बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात आलं तर आलं, आणि जागा कमी पडली तर कात्री पहिल्यांदा तिथेच लागते.

ही पुस्तिका अशाच एका गोलरक्षकाविषयी आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर, गाव ताळगाव, पणजीला लागून, जन्म ६ मार्च १९५४. साळगावकर क्लबचा आणि गोवा राज्याचा गोलरक्षक, १९८३ ते १९८६ या काळात भारताचा कर्णधार, १९९७ सालचा अर्जुन पुरस्कार, २०२२ साली पद्मश्री. पाठ्यपुस्तकात त्याच्यावर धडा निघाला तर एवढ्या ओळींत आटोपेल. पण एवढ्यावरून तो कसा खेळायचा, काय सोसून खेळायचा आणि इतकी वर्षं त्याच जागेवर कसा टिकला, यातलं काहीच कळत नाही. एकेरीत लिहितोय ते आपल्याकडच्या रीतीनं. पट्टीच्या खेळाडूला मैदानात कोणी अहोजाहो करत नाही.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्यात बसून गोव्याच्या गोलरक्षकावर का लिहायचं, हे मला आत्तापर्यंत बऱ्याच जणांनी विचारलंय. केळीचा भाव काय, मृगबाग कधी लावायची, तापीला पाणी किती, हे आमचे विषय. खेळ म्हटलं की कबड्डी, कुस्ती आणि टीव्हीवरचं क्रिकेट. मध्य प्रदेशात फुटबॉलचं नाव निघतं ते शहडोल जिल्ह्यातल्या विचारपूरमुळे. 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी २०२३ साली त्या गावाचं नाव घेतलं, तेव्हापासून सगळ्यांना ते ठाऊक झालं. पण विचारपूर राज्याच्या पूर्व भागात आणि आम्ही नैऋत्येला सीमेवर, पलीकडे महाराष्ट्रातलं रावेर. तिकडची हवा इकडे येत नाही. मग गोवा तरी का? एक कारण असं की तिथलं मराठी छापील वाङ्मय आम्हाला वाचता येतं. दुसरं असं की गोव्याचे लोकही आमच्यासारखेच महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर राहून मराठी वाचतात. १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी आपलं वेगळं राहणं स्वतः ठरवलं. आमचं १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत दुसऱ्यांनी ठरवलं. तिसरं आणि खरं कारण म्हणजे आमच्या इथली पोरं.

ती पोरं फुटबॉल कसा खेळतात ते सांगतो, कारण गोलरक्षणाचं सगळं शास्त्र त्यात उघडं पडतं. केळीचा घड वजनदार झाला की खोड वाकू नये म्हणून बांबूचा टेकू लावतात. काढणी उरकली की ते बांबू बांधावर रचून ठेवलेले असतात. त्यातले चार उचलायचे, दोन इकडे, दोन तिकडे रोवायचे, झाला गोल. वरची आडवी दांडी नसते. त्यामुळे उंच चेंडू गोल धरायचा की 'वरून गेला' म्हणायचं, यावर रोज भांडण. आमच्याकडे ठरलेला नियम असा, की गोलीनं उडी मारून हात वर केला आणि त्याच्याही वरून चेंडू गेला, तर गोल नाही. म्हणजे बुटका पोरगा गोलात उभा केला की गोल आपोआप लहान होतो. म्हणून दापोऱ्यात गोली निवडतात तो सगळ्यात ठेंगणा. सगळ्या जगात उंचाडा शोधतात. शिवाय संध्याकाळची लाईट आली की मोटार चालू करायला मैदान सोडून पहिला पळतो तोही गोलीच, कारण तो गेला तरी खेळ थांबत नाही, असं बाकीच्यांचं मत.

या शेवटच्या मतावर माझा राग आहे, आणि ही पुस्तिका बऱ्याच अंशी त्या रागातून निघाली आहे.

खऱ्या गोलाचं माप ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ अठरा चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी खोलीएवढं. एवढी जागा एका माणसानं हातापायांनी झाकायची. पेनल्टीचा ठिपका अकरा मीटरवर. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं मारलेला चेंडू तिथून रेषेवर यायला सेकंदाचे चार दशांश लागतात. चेंडू पाहून मग झेप घ्यायची म्हटलं तर वेळ पुरत नाही. मारणाऱ्याचा टेकवलेला पाय, कंबर, खांदा यांवरून अंदाज बांधून आधीच निघावं लागतं. अंदाज चुकला तर सगळ्या मैदानासमोर रिकाम्या बाजूला लोळण घेतलेली दिसते. पेनल्टीला गोलरक्षकाकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही, एवढाच त्यातल्या त्यात दिलासा.

खरी परीक्षा कॉर्नरला आणि बाजूनं येणाऱ्या उंच क्रॉसला असते. गोलासमोर दोन्ही संघांचे दहा-बारा जण एकमेकांना रेटत उभे असतात, चेंडू वळत आत येतो, आणि गोलरक्षकाला पहिल्या पावलातच ठरवावं लागतं: बाहेर पडायचं की रेषेवर थांबायचं. बाहेर पडला आणि चेंडू हाताला लागला नाही तर मागे गोल उघडा. थांबला तर समोरच्या उंच गड्याला डोकं लावायला मोकळीक. बाहेर पडायचंच असेल तर अर्ध्या मनानं पडून भागत नाही. एक गुडघा वर घेऊन उडायचं, म्हणजे अंगावर येणाऱ्याला थोडा धाक राहतो आणि उडीलाही जोर मिळतो. चेंडू डोक्याच्या वर आणि पुढे, सर्वांत उंच ठिकाणी धरायचा. दोन्ही अंगठे चेंडूच्या मागे जवळ आणायचे, नाहीतर चेंडू मधून निसटतो. धरता येणार नसेल तर मुठीनं लांब, आणि बाजूला. समोर ठोसला तर तिथे कोणीतरी टपलेलाच असतो. हे सगळं एका श्वासात. प्रेक्षकाला त्यात एवढंच दिसतं की क्रॉस आला आणि गोलरक्षकानं धरला. टाळीसुद्धा पडत नाही.

ब्रह्मानंदच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ आजच्यापेक्षा वेगळ्या नियमांत गेला, हे वाचताना ध्यानात ठेवायला हवं. सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ सालचा. त्याआधी बचावपटू अडचणीत आला की चेंडू मागे ढकलायचा, गोलरक्षक तो उचलायचा, चार पावलं चालायचा, सगळ्यांना दम खाऊ द्यायचा आणि मग लांब मारायचा. यात वेळकाढूपणा होताच, म्हणून तर नियम बदलला. पण संघाचा श्वास गोलरक्षकाच्या हातात असण्याचा तो काळ होता. आजच्या गोलरक्षकाला पायानं पास देता आला नाही तर नामांकित क्लब दारात उभं करत नाहीत. आता तर आठ सेकंदांच्या वर चेंडू हातात धरला की समोरच्याला थेट कॉर्नर मिळतो, हा २०२५ चा नियम. आजच्या मापानं ब्रह्मानंदला मोजू नये, आणि त्याच्या मापानं आजच्या पोरांना हिणवू नये. जुन्या खेळाडूंवर लिहिणाऱ्यांना दुसरी खोड फार असते.

आता गोव्याकडे वळू. तिथे फुटबॉल आला तो ब्रिटिश धर्मगुरू विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्याबरोबर, १८८३ साली शिवोली गावी, असं सांगतात. राज्य पोर्तुगिजांचं, पण खेळ आणला इंग्रजानं. पुढे तो चर्चच्या अंगणांत आणि भात कापून झाल्यावरच्या शेतांत वाढला. ब्रह्मानंद सात वर्षांचा असताना, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. त्याची पिढी ही स्वतंत्र गोव्यात शाळेत जाणारी पहिली पिढी. लोहखनिजाच्या खाणींचा पैसा तेव्हा वास्को आणि पणजीत खेळत होता आणि खाणमालकांनी फुटबॉलचे संघ पोसले. साळगावकर, धेंपो, सेसा ही सगळी नावं आधी कंपन्यांची, मग क्लबांची. खेळाडूला नोकरी मिळे, पगार मिळे, आणि संध्याकाळी सराव. खाणींनी गोव्याच्या डोंगरांचं काय केलं हा वेगळा विषय आहे, आणि तो काही छोटा नाही. पण त्या पैशाशिवाय गोव्याचा फुटबॉल कलकत्त्यासमोर उभा राहिला नसता, हेही खरंच.

कलकत्त्यासमोर उभं राहणं म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग हे तीन क्लब म्हणजे तेव्हा भारतीय फुटबॉलची राजधानी. खेळाडू पंजाबचा असो, केरळचा असो की हैदराबादचा, नाव काढायचं तर तिकडे जायचं. वर्तमानपत्रं तिकडची, गर्दी तिकडची, निवड समितीचे कानही बहुधा तिकडेच. ब्रह्मानंदच्या काळात गोलरक्षकाच्या जागेसाठी बंगालचा भास्कर गांगुली होता, १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतला भारताचा कर्णधार. अतनू भट्टाचार्यही होता. अशा वेळी ब्रह्मानंद गोव्यातच राहिला. साळगावकरकडून तो १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दीड दशकाहून जास्त काळ खेळला आणि अखेरीला चर्चिल ब्रदर्सकडे गेला, तोही गोव्याचाच क्लब. घरी बसून देशाच्या गोलात उभं राहता येतं हे त्यानं दाखवलं. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा भाग पदकांपेक्षा मोठा आहे, पण त्याला कोणी चषक देत नाही.

चषकांचं सांगायचं तर संतोष ट्रॉफीपासून सुरुवात करावी लागेल. १९४१ साली सुरू झालेली ही आंतरराज्य स्पर्धा, आणि ती जिंकण्याची सवय बंगालला. १९८३ साली कलकत्त्यात, म्हणजे बंगालच्या अंगणात, गोवा अंतिम फेरीत पोचला. निकाल लागला नाही आणि विजेतेपद दोघांना विभागून दिलं गेलं. गोव्याचं हे पहिलंच. कर्णधार ब्रह्मानंद. वाटून मिळालेलं विजेतेपद काही लोक अर्धं मानतात. पुढच्याच वर्षी मद्रासला गोव्यानं त्यांचं तोंड बंद केलं. अंतिम सामन्यात पंजाबवर १-० अशी मात, आणि विजेतेपद एकट्याचं. पण त्या १-० पेक्षाही मोठी गोष्ट अशी, की त्या स्पर्धेत गोव्यानं एकही गोल खाल्ला नाही.

या वाक्यापाशी जरा थांबायला हवं. एका सामन्यात गोल न खाणं नशिबानंही होतं. खांबाला लागतं, रेफरी ऑफसाइड देतो, समोरचा रिकाम्या गोलावरून मारतो. सबंध स्पर्धेत गोल न खाणं नशिबानं होत नाही. त्यात पुढच्या चार बचावपटूंचा वाटा मोठा, आणि ते चौघं कुठे उभे राहतील हे मागून ओरडून सांगणाऱ्याचाही. गोलरक्षक हा मैदानावरचा एकटा खेळाडू, ज्याला सगळा खेळ समोर दिसतो. बाकी दहा जणांच्या पाठीमागे काहीतरी घडत असतं, त्याच्या पाठीमागे फक्त जाळं. म्हणून चांगल्या गोलरक्षकाचा निम्मा बचाव त्याच्या घशात असतो. 'डावीकडे माणूस सोडू नको', 'वर सरक', 'माझा'. हा 'माझा' मोठ्यानं आणि वेळेवर आला नाही तर आपलाच माणूस आपल्याच गोलरक्षकावर आदळतो. छापील निकालात यातलं काहीही येत नाही. मद्रासच्या त्या शून्याचं श्रेय कुणाला किती, हे आता कोणी मोजून सांगू शकणार नाही, आणि सांगू लागला तर माझा विश्वास बसणार नाही.

पुढे १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षं साळगावकरनं फेडरेशन कप जिंकला. गोव्यातल्या क्लबानं ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा ब्रह्मानंद चौतीस-पस्तीसचा. आघाडीचा खेळाडू या वयात गुडघ्यांना तेल लावत घरी बसलेला असतो. गोलरक्षक मात्र उशिरा पिकतो. इटलीचा दिनो झॉफ चाळिसाव्या वर्षी, १९८२ साली, कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला. इंग्लंडचा पीटर शिल्टन चाळीस वर्षांचा असताना १९९० च्या विश्वचषकात खेळला. झेप थोडी कमी होते, पण झेपेची गरजही कमी पडत जाते, कारण चेंडू कुठे येणार ते आधीच कळू लागतं. तरुण गोलरक्षकाच्या उड्या छायाचित्रात छान दिसतात. त्यातल्या पुष्कळशा तो एक पाऊल चुकीच्या जागी उभा असल्यामुळे माराव्या लागलेल्या असतात.

या धंद्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर पोरांना वाटेल की गोलात उभं राहणं म्हणजे नुसता मान. १९५० च्या विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेनं ब्राझीलला २-१ असं हरवलं. ब्राझीलचा गोलरक्षक होता मोआसीर बार्बोसा. जवळच्या खांबाच्या बाजूनं उरुग्वेच्या गिज्जाचा एक चेंडू आत गेला, आणि २००० साली मरेपर्यंत बार्बोसाला देशानं तो विसरू दिला नाही. तो ज्या क्लबातून नावारूपाला आला त्याचं नाव वास्को द गामा. गोव्याच्या वाचकाला हे नाव वाचून गंमत वाटेल, पण गंमत तेवढीच. आणि गोव्यातलंच अलीकडचं: २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. नव्वदाव्या मिनिटाला पोचेपर्यंत एफसी गोवा चेन्नईयिनविरुद्ध २-१ अशी पुढे. मग गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझानं तिसरा मारला. सबंध हंगामात अडवलेले चेंडू त्या दोन-तीन मिनिटांत धुऊन गेले. आघाडीपटू नव्वद मिनिटांत पाच संधी वाया घालवून सहाव्या संधीला नायक ठरू शकतो. गोलरक्षकाला सहावी संधी नसते. म्हणूनच इतकी वर्षं एका गोलात टिकून राहणं ही मनाच्या घडणीची गोष्ट आहे, नुसत्या हातांची नाही.

भारतात गोलरक्षकांकडे पाहण्याची दृष्टी तशी कधीच फार उदार नव्हती. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, हे आपण अभिमानानं सांगतो. ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक करणारा, मूळ गोव्याच्या आसगावचा नेव्हिल डिसोझा पुष्कळांना आठवतो. त्या संघातले दोन गोलरक्षक, पीटर थंगराज आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेला एस. एस. नारायण, ही नावं किती जणांना येतात? थंगराज १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही होता. साऱ्या जगाचा हिशेब काढला तरी तेच. 'बालोन दोर' हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान मिळालेला गोलरक्षक आजवर एकच, सोव्हिएत संघाचा लेव याशिन, तोही १९६३ साली. ब्रह्मानंदला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा तो खेळून थांबला होता. पद्मश्री आली तेव्हा वय सदुसष्ट. मधल्या काळात तो पुढच्या पोरांना गोलरक्षण शिकवत होता, आणि तेही असंच काम, ज्याचा निकाल दुसऱ्याच्या नावावर लागतो.

त्याची कारकीर्द लिहिण्यातली मोठी अडचण म्हणजे पुरावा. राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ साली, तोवर त्याचे दिवस संपलेले. त्याच्या काळचा भारतीय फुटबॉल म्हणजे स्पर्धांची जत्रा: मुंबईत कुपरेजवर रोव्हर्स, दिल्लीत ड्युरंड, गोव्यात भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाचा सुवर्णचषक, शिवाय फेडरेशन कप आणि संतोष ट्रॉफी. फातोर्ड्याचं स्टेडियम १९८९ चं. त्याआधीचे सामने पणजीच्या कांपालवर आणि वास्कोच्या टिळक मैदानावर. टीव्हीचं चित्रण जवळजवळ नाही. क्रिकेटच्या त्याच काळातल्या साध्या रणजी सामन्याचाही सविस्तर धावफलक सापडतो. फुटबॉलचं काय? '१-०, गोल अमुक, मिनिट तमुक.' अडवलेला चेंडू कुठल्याच रकान्यात नाही. म्हणून या पुस्तिकेत मी एकूण सामन्यांचा किंवा अडवलेल्या पेनल्ट्यांचा आकडा दिलेला नाही. जिथे जुनी माणसं एकाच सामन्याविषयी दोन तऱ्हा सांगतात, तिथे दोन्ही तऱ्हा ठेवल्या आहेत. त्यातली एखादी कदाचित ताडीबरोबर वाढलेली असेल. वाचणाऱ्यानं ठरवावं.

पुस्तिकेची मांडणी सालवार नाही. पहिल्या भागात ताळगाव आणि तिथली मैदानं, दुसऱ्यात साळगावकर, तिसऱ्यात १९८३ आणि १९८४ ची ती दोन वर्षं, आणि शेवटी गोलात उभं कसं राहावं याची चित्रांसह काही पानं. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्या पोरांनी सरळ शेवटच्या भागापासून सुरू करावं, माझी हरकत नाही. पण एक अट आहे. ती पानं वाचून झाल्यावर निदान एक आठवडा आळीपाळीनं सगळ्यांनी गोलात उभं राहायचं, उंच पोरांनीसुद्धा. आणि आडवी दांडी बांधायची. तीन मीटरचे दोन बांबू सुतळीनं जोडले की होते, बांधावर पडलेलेच आहेत. वरून गेला की आत गेला, हे गोलीच्या उंचीवर ठरवायचं नाही.

आणखी एक विनंती. ज्यांचे सोयरे नोकरीनिमित्त वास्को, मडगाव, फोंडा या बाजूला राहिले असतील, त्यांनी जुन्या सुटकेसा जरूर उघडून पाहाव्यात. १९७५ ते १९९० मधलं गोव्याच्या वर्तमानपत्राचं एखादं खेळाचं पान, सामन्याचं तिकीट, संघाचा फोटो, काहीही चालेल. फोटोत कोण कोण आहे ते मागे पेन्सिलीनं लिहून पाठवावं. गोलरक्षक ओळखायला सोपा, त्याचा सदरा वेगळ्या रंगाचा असतो. पुढची आवृत्ती निघाली तर ते सगळं तीत घालता येईल.

— दापोरा, जि. बुऱ्हाणपूर